वडिलांच्या नावाचा रकाना

२० ऑगस्ट

देवरावच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. सकाळी पावणेनऊला अभिनवने फोनवर सांगितलं. दुपारी दुर्गच्या डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवून दुजोरा दिला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आजपासूनच.

इथल्या पोलाद प्लांटच्या गृहपत्रिकेत एकतीस वर्षं काढली. ताजी बातमी आधी, ती कोणी दिली ते लगेच, बाकीचं जागा उरली तर. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी डायरी त्याच वळणाने लिहिली जाते.

बाकीचं असं. देवराव माझा धाकटा भाऊ, बासष्ट वर्षांचा. आम्ही मूळ भंडाऱ्याकडचे. मी प्लांटमध्ये लागलो आणि मागून त्याला बोलावून घेतलं. तो उतईला स्थायिक झाला. थोडी शेती आणि ठेकेदाराकडे वेल्डिंग. कांता त्याची बायको. अभिनव जन्माने त्यांचा, पण वाढवला मी आणि रत्नमालाने. आम्हाला मूल नाही. पाच वर्षांचा असताना आला, आज पस्तीसचा आहे, सिविक सेंटरच्या बँकेत आहे. मला बाबा म्हणतो, देवरावला काका. सगळ्या कागदांवरही आमचाच आहे.

डॉक्टर म्हणाले, डायलिसिसवर किती दिवस काढायचे? घरातून कोणी किडनी दिली तर उत्तम.

२३ ऑगस्ट

इथल्या मराठी मंडळाच्या मासिकाचा मजकूर पंचवीस तारखेला द्यायचा असतो. संपादक धनंजयचा आज फोन आला. म्हणाला, "काका, या खेपेला एखादा अस्पताली शब्द घ्या ना. लोकाइले आवडते." तिथल्या माझ्या सदरात मी इंग्रजीतला एक छोटा शब्द घेतो आणि तो कुठून आला ते सांगतो. चार वर्षांत एकही महिना चुकलेला नाही.

डायलिसिसच्या खोलीबाहेर पाटी आहे: वॉर्ड क्रमांक तीन. तोच घेतला.

जुन्या इंग्रजीत हा शब्द म्हणजे पहारेकरी. राखणारा. राखण्याचं काम तेही वॉर्डच. जिथे लक्ष ठेवावं लागतं ती जागा, म्हणून रुग्णालयातला वॉर्ड. शहराचे पहाऱ्यासाठी पाडलेले भाग, म्हणून आपल्या नगर निगमचे वॉर्ड. हाच शब्द फ्रेंचांच्या तोंडी जाऊन 'गार्ड' होऊन परत आला. म्हणजे वॉर्ड आणि गार्ड ही एकाच घरातली दोन भावंडं, एक घरी राहिलेलं आणि एक बाहेर वाढून आलेलं. हे वाक्य बरं जमलं.

आणि शेवटचा अर्थ आपल्या टाउनशिपला पाठ असलेला: दुसऱ्याच्या पालकत्वाखालचं मूल. 'कर्मचाऱ्यांचे वॉर्ड'. प्लांटच्या शाळेच्या फॉर्मवर हेच छापलेलं असायचं. १९९४ साली अभिनवचा फॉर्म मीच भरला. शाळा फक्त कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी होती आणि उतईच्या शाळेत तेव्हा दोन वर्गांना एक मास्तर. प्लांटच्या दवाखान्याच्या मेडिकल बुकात त्याचं नाव माझा मुलगा म्हणून चढवलं, त्या आधारावर शाळेत. त्या काळी हे कितीतरी घरांनी केलं. कोणाचा पुतण्या, कोणाचा भाचा. कोणाचं वाईट झालं नाही. उलट पोरं शिकली.

२७ ऑगस्ट

अभिनव किडनी देणार. कांताची एक किडनी आधीच खड्यांनी खराब आहे, मुलगी चंदा हिचा रक्तगट जुळत नाही. मी भाऊ, पण एकाहत्तर वय आणि वीस वर्षांची शुगर. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहूनच मान हलवली. अभिनवच्या पहिल्या तपासण्या चांगल्या आल्या. त्याची बायको प्रांजली हिने संमतीवर सही केली. नंतर पेनचं टोपण किती वेळ लावत-काढत होती.

आज रायपूरला गेलो होतो. प्रत्यारोपणाचे कागद पाहणारी बाई चटपटीत होती. तिने अभिनवला विचारलं, पेशंट तुमचे कोण? तो म्हणाला, "मेरे पिताजी हैं."

त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

बाईने त्याचं आधार कार्ड, दहावीची मार्कशीट, पासपोर्ट एकापुढे एक ठेवलं. तिन्हीवर वडिलांच्या नावाच्या रकान्यात नरहरी लांजेवार. आईच्या, रत्नमाला. ती म्हणाली, "इसमें तो पेशंट आपके चाचा हुए. भतीजा नज़दीकी रिश्ते में नहीं आता." मुलगा येतो, मुलगी येते, भाऊ-बहीण, नवरा-बायको येतात. पुतण्या परका धरला जातो. किडनी विकत घेतली नाही ना, अशी लांबलचक चौकशी होते. अभिनव घरी जन्मला, जन्माची नोंद कोतवालाच्या वहीत होती आणि ती वही आता सापडत नाही.

मार्ग तिनेच सांगितला. ज्यांच्या नावावर मूल लागलं आहे त्या दोघांनी शपथपत्र द्यावं की नोंद खोटी होती, मूल या या जोडप्याचं आहे. मग प्रत्यारोपणाला परवानगी देणारी समिती सगळ्यांना बोलावून विचारेल. समिती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बसते. सहा सप्टेंबरपर्यंत कागद आले तर याच महिन्यात.

'खोटी' हा शब्द तिने सहज वापरला. मी सांगणार होतो की हेतू पाहिला पाहिजे. पण तिच्यापुढे आणखी लोक बसले होते.

२ सप्टेंबर

पोळा. उतईला गेलो. कांताने इकडची तळलेली ठेठरी-खुरमी केली होती आणि आमच्यासाठी पुरणपोळीही. देवराव अंगणात खाटेवर होता, मानेत डायलिसिसची नळी, त्यावर चिकटपट्टी. चंदाची पोरं मातीचे बैल ओढत होती. तो त्यांना वाट करून द्यायला पाय वर घेत होता.

मला म्हणाला, "दादा, तुमच्या पोराले माझ्यापायी कायले कापता? माहं काय, होऊन गेलं. त्याची बँक आहे, पोरगी आहे."

देवरावचं मन पहिल्यापासून असं मोठं. आतून कांताचा आवाज आला, "तुमच्या पोराले म्हणे." आणि काहीतरी भांडं जोरात ठेवल्याचा आवाज. कांता मुळातच फटकळ आहे.

परत येताना जुनी आठवण निघाली. अभिनव दहावीत होता तेव्हा बोर्डाचा फॉर्म भरायचा होता. त्या फॉर्मवर जे नाव जाईल तेच जन्मभराचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या आठवड्यात देवराव सायकलने आला, इस्त्रीचा शर्ट घालून. व्हरांड्यात बसला. "फारम गेला काय दादा?" मी म्हटलं, गेला. त्याने चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला. कशासाठी आला होता ते बोलला नाही. वीस वर्षं झाली, अजून मला कळलेलं नाही.

४ सप्टेंबर

दुर्गला कोर्टात दयाराम वकिलांकडे. मसुदा मीच करून नेला होता, हिंदीत. हे काम मला त्यांच्यापेक्षा बरं येतं. त्याचा गाभा असा: 'बालकाच्या शैक्षणिक हितास्तव तत्कालीन परिस्थितीत त्याची नोंद कर्मचाऱ्याचा पाल्य म्हणून करण्यात आली.'

दयाराम चष्म्यावरून पाहत म्हणाले, "लांजेवारजी, किसने करवाई? शपथपत्र में आदमी होना चाहिए."

त्यांनी लाल पेनने लिहून दिलं: मी, नरहरी लांजेवार, याने जाणूनबुजून खोटी माहिती दिली. म्हणाले, एवढंच पुरे, बाकी सगळं कापा. उद्या या, स्टँपपेपर तयार ठेवतो.

मसुदा घरी आणला. दोन गोष्टींचा विचार करावा लागेल. आमचं दोघांचं मेडिकल कार्ड प्लांटचं आहे, रत्नमालाच्या हृदयाची औषधं त्यावर चालतात. खोटी माहिती दिल्याचं मीच लिहून दिलं आणि ते तिकडे पोचलं तर? आणि डिसेंबरात मंडळ माझा सत्कार करणार आहे. तिथे कोणी हे वाचून दाखवणार नाही, तरी.

'जाणूनबुजून' ऐवजी 'सद्हेतूने' चालेल का, ते दयारामना विचारायचं.

५ सप्टेंबर

चालणार नाही म्हणाले. पाचवा मसुदा करतो आहे.

७ सप्टेंबर

गणपती बसले. रत्नमालाने मोदक केले. अभिनव आला नाही, डायलिसिसचा दिवस होता.

कागद द्यायची मुदत काल संपली. काल दुपारी बाराला ऑटो बोलावली होती, पण मसुद्यातलं तिसरं वाक्य मनासारखं नव्हतं, तेवढ्यात साडेचार झाले. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक मुदत चुकली नव्हती. अभिनवला फोनवर सांगितलं की पुढच्या महिन्यात नक्की. मग "ठीक आहे बाबा" म्हणाला. समजूतदार मुलगा आहे.

१० सप्टेंबर

आज समिती बसली. आमचं प्रकरण पुढे नव्हतं.

१४ सप्टेंबर

देवरावच्या मानेच्या नळीला जंतुसंसर्ग. ताप एकशे तीन. चंदाने कळवलं. नळी काढून दुसऱ्या बाजूला घातली. भेटायला गेलो तेव्हा थंडीने दात वाजत होते, तरी मला खुर्ची द्यायला सांगत होता.

कांता बाहेर बाकावर बसली होती. आजवर माझ्यासमोर तिने डोक्यावरचा पदर ढळू दिलेला नाही. आज पदर खांद्यावर होता. म्हणाली, "भाऊजी, एक महिना गेला ना." मी म्हटलं, कायदेशीर भाषा आहे, वेळ लागतो. ती म्हणाली, "माह्या लेकराले नेतानी किती वेळ लागला होता? चहा ठंडा होयाच्या आत ठरवलं."

बाई दुःखात आहे. मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं.

२० सप्टेंबर

रत्नमालाने शपथपत्र दिलं. मला तिने नाही, दयाराम वकिलांनी फोनवर सांगितलं. माझं शपथपत्र कधी होणार हे विचारायला त्यांनी फोन केला होता. काल ती मंडळाच्या भजनाला जाते म्हणून निघाली ती अभिनवच्या गाडीत बसून दुर्गला गेली.

मी विचारलं, काय लिहिलं? तिने प्रत काढून दिली. चार ओळी. 'अभिनवला मी जन्म दिलेला नाही. त्याची आई कांता लांजेवार आहे. नोंद माझ्या नवऱ्याने केली. मला ती खोटी आहे हे माहीत होतं आणि मला ती हवी होती.'

शेवटचं वाक्य अनावश्यक आहे. कोणी मागितलेलं नाही. मी तसं म्हटलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तीस वर्षं त्याची आई म्हणवून घेतलं, त्याची शाळेतली सगळी बक्षिसं माझ्या नावावर घेतली. एक वाक्य कांताचं असू द्या." मग विचारलं, "तुम्ही कावून थांबून राहिले?"

मी मेडिकल कार्डाचं सांगितलं. ती म्हणाली, माझी औषधं मध्ये घालू नका.

२१ सप्टेंबर

दयारामांनी लिहून दिलेलं जसंच्या तसं टाइप करून घेतलं. सही केली. शिक्का मारताना कारकुनाने ते वाचलंही नाही. सगळ्याला मिळून वीस मिनिटं लागली.

२४ सप्टेंबर

मजकूर एक दिवस आधीच दिला. 'वॉर्ड'चा दुसरा भाग. वाचकांची पत्रं चांगली आली म्हणून धनंजयने मागितला.

या खेपेला 'लॉर्ड' घेतला. तोही मुळात वॉर्डच आहे. जुन्या इंग्रजीत 'हलाफ' म्हणजे पाव, आपली भाकरी म्हणा. भाकरी राखणारा तो 'हलाफ-वेअर्ड'. झिजत झिजत लॉर्ड. लेडी म्हणजे भाकरीचं पीठ मळणारी. एवढे मोठे लोक, आणि मूळ धान्याच्या कोठीत. आणि त्या घरात राहणाऱ्या आश्रिताला शब्द होता 'हलाफ-एटा', भाकरी खाणारा. तो शब्द मात्र पुढे टिकला नाही.

भाकरी खाणाऱ्याचा हा शेवटचा भाग लिहून मग काढून टाकला. जागा पुरत नव्हती.

२ ऑक्टोबर

सर्वपित्री. अभिनव आला, उभ्याउभ्याच. मासिक टेबलावर होतं. तो माझं सदर वाचत नाही अशी माझी समजूत होती. पानं उलटून म्हणाला, "बाबा, भाकरी राखणारा आहे, मळणारी आहे. खानेवाला नाही टाकला?"

मी चकित झालो. विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाला, मोबाइलवर पाहिलं, दोन मिनिटं लागतात. मग हसला. मी सांगितलं, जागा नव्हती.

"हां," तो म्हणाला. "तुमच्या इथं नेहमीच जागा कमी पडते. माझ्या लग्नात पण काकाले मंडपात जागा नव्हती."

हे बरोबर नाही. लग्नात देवरावने सगळी बाहेरची बाजू सांभाळली होती, जेवणाच्या पंगती, खुर्च्या, पाण्याचे जार. त्याच्यामुळे मी आणि रत्नमाला निवांतपणे वेदीवर बसू शकलो. त्यानंतर मी भाषणात त्याचे आभारही मानले होते. अभिनवला याची आठवण करून द्यावी म्हणून तोंड उघडलं, पण तो पानावरचा नैवेद्य घेऊन उतईला निघून गेला होता.

८ ऑक्टोबर

समितीने निर्णय पुढे ढकलला. चार वाजता त्यांच्या सचिवांनी बाहेर येऊन सांगितलं.

नीट लिहून ठेवतो. आम्ही सगळे अकरापासून बाहेर बसलो होतो. देवराव व्हीलचेअरवर, वीस दिवसांत अर्धा झाला आहे. आधी रत्नमालाला बोलावलं, मग मला. मला विचारलं, खोटी माहिती तुम्ही दिली? मी हो म्हटलं. एका डॉक्टरबाईंनी विचारलं, शाळा संपल्यावर दुरुस्त का नाही केली? मी म्हटलं, राहून गेलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग अभिनव, मग कांता. सगळं जुळत होतं.

शेवटी देवराव. दार उघडंच होतं, मला आतलं ऐकू येत होतं. लांब टेबल, मागे सात माणसं, समोर एकटा तो. अध्यक्षांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "बाबा, ये लड़का आपका कौन है?"

देवराव खुर्चीत सरळ झाला. आणि म्हणाला, "बड़े भाई साहब का लड़का है, साहब. मेरा भतीजा है."

त्यांनी पुन्हा विचारलं. देवरावने पुन्हा तेच सांगितलं, आणखी स्पष्ट आवाजात, आणि वर जोडलं, "मेडिकल बुक में नाम है."

हे वाक्य मी ओळखलं. ते मीच घालून दिलेलं होतं. ९४ साली शाळेतून घरी चौकशीला माणूस येणार असं कळलं होतं. त्या रविवारी मी देवरावला बोलावून घेतलं, समोर बसवलं, पोरालाही बसवलं. साहेबाने विचारलं तर काय सांगायचं? मोठ्या भावाचा मुलगा, माझा पुतण्या, मेडिकल बुकात नाव आहे. देवराव अडखळायचा. 'माझा' म्हटलं की पुढे 'पोरगा'च यायचं. मी पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लावायचो. दुपारभर चाललं. शेवटी चुकेनासा झाला. नंतर जो कोणी साहेब भेटला, शाळेतला, दवाखान्यातला, जनगणनेचा, त्याला देवरावने हेच सांगितलं आणि एकदाही चुकला नाही.

समितीचं म्हणणं असं की रुग्ण स्वतः नातं नाकारतो, शपथपत्रं वेगळं सांगतात, तर आता डीएनए तपासणीशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यांचा दोष नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

बाहेर आल्यावर देवराव अभिनवकडे बघेना. अभिनव त्याच्या पायाशी उकिडवा बसला, गुडघ्यावर हात ठेवला. देवराव मला म्हणाला, "दादा, साहेब लोक दिसले अन् तोंडातून तेच निघालं. मी चुकलो काय?"

मी म्हटलं, इतकं सोपं होतं देवराव, दोनच शब्द सांगायचे होते.

कांताने व्हीलचेअर माझ्यासमोरून वळवून घेतली.

९ ऑक्टोबर

कालचं माझं वाक्य पुन्हा वाचलं. खोडत नाही, जे झालं ते झालं.

१६ ऑक्टोबर

अभिनव, देवराव आणि कांता यांचे नमुने आज घेतले. अहवाल तीन आठवड्यांनी, असं प्रयोगशाळेच्या माणसाने सांगितलं.

अभिनवने घरी सोडावं म्हणून त्याच्या गाडीत बसलो. मला बोलायचं होतं. म्हटलं, तू पाच वर्षांचा होतास, तुला काही आठवत नसेल, पण तुझ्या भल्यासाठीच. त्याने गाडी बाजूला घेतली.

म्हणाला, "सब आठवते. काकानं सायकलच्या दांड्यावर बसवून आणलं. रस्त्यात तीन वेळा थांबले. हर बार पानी पिलाया. मले तहान नव्हती."

मी खिडकीची काच खाली केली.

"तुमच्या घरी पंखा होता, मले आवडला. मग तुम्ही विचारलं, तुझे बाबा कोण? मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. तुम्ही म्हणाले, नाही, पुन्हा सांग. वो दीवार की तरफ देखते बैठे थे." तो स्टिअरिंगकडे पाहत होता. "बाबा, तुम्ही मले शिकवलं, सगळं दिलं. मी नाही म्हणतच नाही. पण एकदा तरी फॉर्म बदलता आला असता. ते आले होते ना विचारायले? दहावीत?"

मी म्हटलं, तेव्हा फॉर्म गेला होता.

त्याने गाडी सुरू केली.

आता इथे खरं लिहितो, कारण डायरीत खोटं लिहायचं तर ठेवायची कशाला. फॉर्म गेला नव्हता. देवराव व्हरांड्यात बसला होता तेव्हा तो आत माझ्या टेबलाच्या खणात होता आणि शेवटच्या तारखेला चार दिवस बाकी होते. तो कशासाठी आला आहे हे मला त्याच्या इस्त्रीच्या शर्टावरूनच कळलं होतं. त्याचा चहा संपेपर्यंत मी दुष्काळाबद्दल बोललो.

२ सप्टेंबरला लिहिलं आहे की मला कळलं नाही. तेही तसंच राहू देतो.

१९ ऑक्टोबर

उतईला गेलो. देवरावला फॉर्मचं सांगायचं होतं. एकटाच होता, ग्लानीत. मी खाटेशी बसून सांगितलं, सगळं, खणासकट. त्याने डोळे उघडले. म्हणाला, "माहीत होतं दादा. खिडकीतून दिसून राहिला होता टेबलावर. मी आलो तवा तुम्ही खणात ठेवला."

विचारलं, मग बोलला का नाहीस?

"काय बोलू? वयनीनं तवा आतून त्याले हाक मारली, अन् तो 'आई' म्हणून धावत गेला." थोडा वेळ श्वास घेऊन म्हणाला, "तुम्ही जेवूनच जा. कांता येईल आता."

मी थांबलो नाही.

२५ ऑक्टोबर

धनंजयचे तीन फोन. मजकूर तयार नाही असं सांगितलं. तो म्हणाला, वॉर्डचाच तिसरा भाग द्या काका, अजून काही उरलं असेल. उरलं आहे. कुलपाच्या आत ज्या धातूच्या कडा असतात, ज्यांच्यामुळे चुकीची किल्ली फिरत नाही, त्यांनाही वॉर्डच म्हणतात. ते लिहून पाठवता आलं असतं. पाठवलं नाही.

३१ ऑक्टोबर

देवरावला पुन्हा ताप. काल संध्याकाळपासून अतिदक्षता विभागात आहे. चंदाने कळवलं; आज सकाळी डॉक्टरांनी मला फोनवर तेच सांगितलं, आणि जंतू या खेपेला रक्तात पोचले आहेत असंही. सप्टेंबरात ऑपरेशन झालं असतं तर, असं मी विचारायला लागलो. ते म्हणाले, अशा प्रश्नांना आम्ही उत्तर देत नाही.

भेटीची वेळ पाच ते सहा. दारावरच्या रखवालदाराकडे नातेवाइकांच्या नावांचा कागद असतो, तो अभिनवने भरून दिला आहे. मला आत सोडलं. माझं नाव होतं. नात्याच्या रकान्यात त्याने स्वतःपुढे 'मुलगा' लिहिलं आहे आणि माझ्यापुढे 'भाऊ'. माझं दुसरं काही नातं तिथे विचारलेलं नव्हतं.

रत्नमाला आठ दिवसांपासून उतईलाच आहे. कांता आणि चंदा दवाखान्याच्या फेऱ्यांत, म्हणून चंदाच्या पोरांचं जेवण ती बघते. दिवाळीला येशील का, विचारलं. तिथेच दिवे लावीन म्हणाली. मेडिकल कार्डाबद्दल प्लांटमधून एक पत्र आलं आहे. त्यांनी शपथपत्राची प्रत मागवली आहे. ते तिला सांगितलं नाही.

पुढचं असं. डीएनएचा अहवाल सहा नोव्हेंबरला अपेक्षित आहे. समिती बारा तारखेला बसेल. ताप तोवर उतरला आणि रक्त स्वच्छ आलं, तर परवानगीनंतर आठवडाभरात ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं. उतरला नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. कागदावर संबंध सिद्ध झाला की आधीच्या शपथपत्रांची गरज उरणार नाही, असं सचिवांनी कळवलं. बाराला हजर राहण्यासाठी अभिनव आणि कांताला पत्रं गेली आहेत. देवरावचं म्हणणं खाटेवरच नोंदवून घेतील, त्यासाठी एक माणूस अकरा तारखेला येईल आणि त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारेल. त्या वेळी खोलीत ओळखीचं कोणी नसावं, अशी अट आहे.